रिह्याच्या पिकपची नवी प्लेट

“पाय सवताचा क्लचवर ठिवायचा, पलंगावर ठिवल्यागत. आन् मातीत लोळायचं कुणी? तर म्या.”

मित्रांनो, ही कुरकुर माझ्या पोटाखालून आली. सिद्धू ड्रायव्हर खळ्यातल्या मातीत पाठीवर पडून माझे बोल्ट सैल करत होता आणि त्याच्या कपाळावर माझं काळं वंगण ठिबकत होतं. ज्या पायाविषयी तो बोलत होता, तो पाय चार पावलांवर, जोड्यासकट, बाजेवरून लोंबकळत होता. म्हणून सिद्धू इतक्या हळू बोलला, की माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये. हैबतरावांविषयी खरं बोलायचं, तर रिहे गावातली माणसं ते असं माझ्या पोटाखाली बोलत. वर उजेडात सगळे “व्हय आबा” म्हणत.

मी एक जुनी पिकपगाडी आहे. आज माझ्या टपावर कोंबड्या बसतात आणि हौद्यात गवत उगवलं आहे. पण मी काही जन्मतःच अशी नव्हते. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं दिवसरात्र लोखंडावर घण पडत. मला तापवलं, ठोकलं, वाकवलं, भोकं पाडली आणि रडायला वेळ न देता हिरवा रंग फासून जहाजात लोटून दिलं. लढाई चालू होती. आसामच्या पुढच्या जंगलात मी दारूगोळा नेला आणि येताना माणसं आणली. माझ्या पाठीवर चढलेली किती माणसं आपल्या पायांनी उतरली नाहीत, त्यांना उतरवावं लागलं. रक्त फळ्यांच्या फटींत जाऊन बसलं, की ते पाण्यानं निघत नाही. पाऊस पडला, की अजून मला त्याचा वास येतो. लहानांना हे सांगावं की नाही, असा मला प्रश्न पडतो. पण गाडीला खोटं बोलता येत नाही. तेवढी एकच विद्या तिला कुणी शिकवलेली नसते.

लढाई संपली आणि देहूरोडला माझा लिलाव झाला. मला घेतलं रिह्याच्या हैबतरावांनी. ओढ्यालगतच्या भातखाचरांचा हा धनी माणूस उंच, रुंद छातीचा होता. मिशी इतकी जाड, की हसला तरी कळायचं नाही. तसे ते फारसे हसतही नसत.

सुरुवातीला मला फार मान मिळाला. वेशीत नारळ फुटला, बायकांनी पुढच्या चाकांवर पाणी घातलं, म्हाताऱ्यांनी हात फिरवून पाहिला. मी भाताची पोती नेली, हिरडा नेला, कोळसा नेला, नवऱ्या नेल्या आणि आणल्या. पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी माझं पेट्रोलवरचं इंजिन दमलं, तेव्हा त्या जागी डिझेलचं इंजिन बसवलं गेलं. अंग जुनंच आणि आतलं काळीज मात्र दांडगं. ते धडधडायला लागलं, की माझे दरवाजे, काचा, बिजागऱ्या सगळं थरथरायचं. लेकरं कानात बोटं घालायची आणि म्हशी दावं तोडायच्या.

हैबतरावांचं आणि माझं कसं होतं, ते सांगितलं पाहिजे. माणसांवर आणि जनावरांवर त्यांचा हात फार लवकर उठे. एकदा चिखलणीत एक बैल बसला आणि उठेना, तर त्यांनी पहारीनं त्याचं शिंग मोडलं. बैल उठला. डोळ्यांत रक्त उतरलेलं असताना त्यानं ते खाचर पुरं केलं. गडी मार खात, घरची माणसं मार खात, आणि मार खाऊन सगळे कामाला लागत. माझ्यावर मात्र त्यांनी कधी हात टाकला नाही. मला ते ओढ्यावर नेऊन स्वतः धूत. माझ्या बिजागऱ्यांना स्वतः तेल घालत, कापडानं पुसत, आणि पुसताना “बाय माझी” म्हणत. हे ऐकणारी त्यांची बायको, तुळजाबाई, कळशी घेऊन तशीच पुढं जाई. तिला कधी कुणी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

लोखंडावर त्यांची अशी माया होती, आणि मायेला रीत होती. नवा विळा असो, नांगराचा फाळ असो, गाडीचा आस असो. घरात आलेलं लोखंड आधी देवीपुढं ठेवायचं आणि त्याच्यावर खुरासणीचं तेल ओतायचं. पुसटसं नाही, अगदी निथळेपर्यंत. हैबतरावांचा बाप करत आला होता, आजा करत आला होता. “कोरडं लोखंड रगत मागतं,” असं ते म्हणायचे. त्यांच्या आज्याचा पाय नव्या, तेल न लावलेल्या फाळानं कापला गेला आणि तो त्यातच गेला, असं घरात सांगत.

आता त्या पायाकडं येते. मित्रांनो, गाडीचं इंजिन फिरत असतं तेव्हाही चाकं थांबलेली असू शकतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या दोघांची गाठ घालून देणारी आणि वेळ आली की सोडवणारी एक चकती मध्ये असते. तिला क्लचप्लेट म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असतं. ते इंजिनाच्या चाकाला घट्ट धरतं, म्हणून गाडी पुढं जाते. पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की बसते. पण कुणी पेडलावर पाय नुसता टेकवूनच ठेवला, तर पकड धड सुटत नाही आणि धड बसतही नाही. चकती घासत राहते, तापते, झिजते. हैबतराव मला चालवायला बसले, की त्यांचा डावा पाय कायम त्या पेडलावर असे. बैलाचा कासरा ढिला सोडायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मला कासरा नव्हता, म्हणून त्यांनी पायानं धरून ठेवलं.

भात झोडून झालं त्या दिवसांत, घोटवड्याच्या फाट्यावर माझी जुनी प्लेट फाटली. अस्तराचे तुकडे उडाले आणि आतली रिबिटं इंजिनाच्या चाकाला ओरबाडायला लागली. अशी किंकाळी मी लढाईतसुद्धा ऐकली नव्हती, आणि ती माझ्याच पोटातून निघत होती. चार बैल जुंपून मला खळ्यात आणलं. हैबतरावांनी खाली उतरताच सिद्धूच्या कानशिलात भडकावली. गाडी ते स्वतः चालवत होते, सिद्धू मागं पोत्यांवर बसला होता. पण कानशील कुणाचं तरी लागतंच.

हा सिद्धू धनगराचा. त्याचा बाप आणि भाऊ मेंढरं घेऊन या खोऱ्यात फिरत आणि खतासाठी हैबतरावांच्या शेतात मेंढरं बसवत. सिद्धूला मेंढरांपेक्षा माझी ओढ लागली. त्याला बोलता यायचं चांगलं, पण बोलायचं कुठं, हेही त्याला चांगलं कळत असे.

माझी बाजू घेऊन उघड्यावर बोलणारा एकच माणूस त्या घरात होता. तो म्हणजे जयसिंग, हैबतरावांचा धाकटा भाऊ. बारीक अंगाचा, हसरा. थोरल्या भावाला उलटं बोलायचं नाही, या शिस्तीत वाढलेला. पण लोखंडाचा विषय निघाला, की ही शिस्त त्याच्या हातून निसटायची.

“दादा, नुसती प्लेट बदलून भागायचं न्हाई,” तो म्हणाला. “ह्या येळी नीट निवडून घिऊ. मी आन् मिस्त्री पुण्याला जाऊन येतो.”

कोंडाजी मिस्त्री म्हणजे पिरंगुटचा, माझ्यासारख्या जुन्या गाड्यांवर पोट भरणारा माणूस. हे दोघं माझी फाटकी प्लेट गोणपाटात गुंडाळून यष्टीनं पुण्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी तीन प्लेटा घेऊन आले. पसंत पडेल ती ठेवा, बाकीच्या परत आणून द्या, असं दुकानदारानं ओळखीवर सांगितलं होतं. खळ्यात घोंगडी अंथरली आणि त्यावर तिन्ही मांडल्या. मित्रांनो, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नवऱ्या वाहिल्या. माझ्याच दारात स्थळं आलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पहिली माझीच जुनी जात, पण वापरलेली, वरून नवं अस्तर मारलेली. दुसरी जुन्या बाजारातली, लष्करी सामानातून आलेली. माझ्याच कंपनीची, माझ्याच मापाची आणि अंगावर अजून ग्रीस. तिसरी मात्र दोघींपेक्षा हातभर… नाही, हातभर कशाला, दोन बोटं रुंद होती. मधल्या स्प्रिंगा जाडजूड. डिझेलच्या मोठ्या गाड्यांना लागते तशी.

हैबतराव उकिडवे बसले. बैल घेताना बसतात तसेच. त्यांनी दुसरी प्लेट उचलली, मधल्या भोकातले दाते बोटानं मोजले, हातावर तोलली, नखानं टिचकी मारून कानाशी धरली.

“हीच,” ते म्हणाले. “हिच्या म्हायेरची हाय. दाते बराबर. आवाज बी सोन्यावानी.”

“दादा, दाते तिन्हींचं बराबर हायेत. त्ये बघूनच आनल्यात,” जयसिंग म्हणाला. “पर गाडी म्हायेरची ऱ्हायलीय कुटं? अंग तेवढं म्हायेरचं. इंजान डिझेलचं हाय. त्ये जवा रेटतं, तवा लहान प्लेट किती धरल? खोंडाच्या मानंवर हेल्याचं जू दिल्यागत व्हतंय. म्हणून तर पैली फाटली.”

पहिली का फाटली, त्याचं अर्धं कारण हे होतं. उरलेलं अर्धं हैबतरावांच्या डाव्या जोड्यात होतं. ते जयसिंगही बोलला नाही.

“मोठी बसायची कशी हिच्यात?” हैबतरावांनी विचारलं.

“बसती,” कोंडाजी म्हणाला. “इंजनाच्या चाकाला मोठ्या प्लेटीची भोकं हायेतच. बसवणाऱ्यानं तवा कंटाळा केला आन् जुनीच ठोकून दिली.”

“म्हंजी आमी बसवून घेतलं ते येड्याकडनं?”

कोंडाजी घोंगडीकडं बघायला लागला. इंजिन बसवताना कोण समोर उभं राहून “जुनीच बसव, काय हुतंय” म्हणालं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

तेव्हा जयसिंगनं एक गोष्ट केली. घरातून पाटा आणवला. तो खळ्यात सपाट ठेवला आणि दुसरी, माहेरची प्लेट त्यावर अलगद ठेवून एका कडेला बोट टेकलं. प्लेट डुगडुगली. ठक, ठक, ठक. वाकलेली होती, कुठल्या तरी मेलेल्या गाडीतून काढताना तिला हातोडा बसला असणार. मग त्यानं तिसरी ठेवली आणि कडेनं बोट फिरवलं. ती पाट्याला चिकटल्यासारखी बसली.

भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. “सोन्याचा आवाज म्हनं.”

मित्रांनो, तेवढं एक हसू पडलं नसतं, तर माझी गोष्ट वेगळी झाली असती. हैबतरावांनी मान वर करून म्हाताऱ्यांकडं पाहिलं, तसे सगळे खाली बघू लागले. मग ते जयसिंगला म्हणाले, “ठेव तुझी तिसरी.” इतक्या शांतपणे म्हणाले, की माझ्या अंगावरच्या पत्र्याला गार वाटलं.

निवड बरोबर झाली होती. हे मी आजही सांगेन. त्या प्लेटीनं मला आणखी कितीतरी वर्षं सह्याद्रीत कुठंही चढवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीपुढं पाट मांडला आणि पाटावर प्लेट ठेवली. तुळजाबाईंच्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं. दाराच्या आडोशाला जयसिंगची बायको सारजाबाई पदर ओढून उभी होती. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं तोंड उघडत नाही. लग्न होऊन आल्यापासून सारजाबाई हैबतरावांशी एक शब्द बोललेली नव्हती. जेवायला बोलवायचं असलं, तर ती खळ्यात येऊन मला सांगायची, “गाडीबाई, तुझ्या धन्याला म्हणावं, भाकरी थंड व्हाय लागलीय.” आणि हैबतराव माझ्याकडं बघत “आलो” म्हणायचे. त्या घरातलं सगळ्यांत गोड बोलणं माझ्यामार्फत व्हायचं.

कोंडाजीनं प्लेटीला हळदकुंकू वाहू दिलं, पण कापडावर धरून. “हिला बोटाचं त्याल बी लागू द्यायचं न्हाई आबा,” तो म्हणाला. “आनताना दुकानदारानं बजावलंय.”

“लोखंड हाय न्हवं?” हैबतराव म्हणाले, आणि त्यांनी खुरासणीच्या तेलाचा तांब्या उचलला.

जयसिंग मधे आला. “दादा, बाकी समद्याला वता. हिला न्हाई. हिचं काम घासून धरायचं हाय. त्याल लागलं तर ही घसरंल.”

“आज्यापासनं चालत आलंय.”

“आज्याच्या टायमाला मोटारी नव्हत्या, दादा.”

मुस्काटात बसली ती एवढ्या जोरात, की जयसिंग उंबऱ्यावर जाऊन पडला. ओठ फाटला. पाटापाशी रक्ताचे दोन थेंब पडले. कालचं हसू त्या चापटीत होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. जयसिंग उठला. हातानं ओठ पुसला आणि भिंतीला लागून उभा राहिला. थोरल्या भावानं मारलं, की उभं राहायचं. तो असाच वाढला होता.

हैबतरावांनी तेल ओतलं. धार बारीक, संथ, मायेची होती. अस्तरानं ते असं पिऊन घेतलं, जसं उन्हाळ्यातलं ढेकूळ पाणी पितं. “आता कशाला रगत मागंल,” ते म्हणाले, आणि त्यांनी प्लेट कपाळाला लावली. मनापासून लावली. वाईट माणसाचा देव खोटा असतो असं तुम्हांला वाटत असेल, तर तसं नसतं.

कोंडाजीनं प्लेट फडक्यानं पुसली. पेट्रोलनं धुतो म्हणाला असता, तर त्याच्याही ओठाचं काही खरं नव्हतं. “पुसलं की झालं,” असं तो स्वतःलाच म्हणाला आणि त्यानं ती माझ्या पोटात बसवली. मला ती आत गेल्यागेल्या कळलं. तिची पकड ओल्या हातासारखी होती. पण बोलायचं कुणाशी? मित्रांनो, गाडीला घसा असतो तो फक्त हॉर्नपुरता.

तुम्हांला एक सांगून ठेवते, कारण पुढं सांगायचा धीर राहणार नाही. यंत्राची काळजी घ्या, पण आपल्याला आवडते तशी नको, त्याला लागते तशी घ्या. बिजागरीला तेल हवं, तिथं ते घाला. ज्याचं काम कोरडं राहूनच होतं, त्याला कोरडं राहू द्या. आणि माहीतगार माणूस “नको” म्हणाला, तर हातातला तांब्या खाली ठेवा. त्यानं आजा मरत नाही.

भात घेऊन पुण्याच्या बाजाराला निघालो. सपाटीला मी चालले. पिरंगुटपर्यंत सिद्धूनं मला बेताबेतानं आणलं. हौद्यात भाताची पोती होती आणि पोत्यांवर जयसिंग होता. पुढं सिद्धूशेजारी हैबतराव होते. घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर माझं इंजिन रडायला लागलं. आवाज चढत होता आणि चाकं मात्र जड होत होती. फळ्यांमधून धूर आला. जळक्या तेलाचा वास आला, भजी करपावीत तसा.

“आबा, क्लच धरंना,” सिद्धू म्हणाला. “तेवडं खाली घिऊ या. निम्मी पोती उतरू.”

समोरून बैलगाड्या येत होत्या. गाडीवान बघत होते.

“रेट,” हैबतराव म्हणाले.

“घसरतीया, आबा.”

“रेट म्हनलं न्हवं.”

सिद्धूनं रेटलं. मी किंचाळले आणि थांबले. मग मागं सरायला लागले. ब्रेक माझे लष्करातल्याइतकेच जुने. त्यांनी धरलं, सोडलं, धरलं, सोडलं. मागून जयसिंगनं उडी टाकल्याचा आवाज आला. घाटात गाडी मागं आली, की चाकामागं दगड द्यायचा असतो; जयसिंगनं दगड उचलला आणि चाकामागं दिला. माझं चाक त्या दगडावरून उडालं. मागं कड्याची दरड होती. दरडीच्या आणि माझ्या फळीच्या मधे जयसिंग होता.

मी पुष्कळ माणसं मरताना पाहिली होती. पण ती मी मारली नव्हती. त्याची बरगडी मोडताना मला माझ्या फळीतून कळली, जशी तुम्हांला तुमच्या दाताखाली काडी मोडलेली कळते. तो “दादा” म्हणाला. दुसरं काही म्हणाला नाही. पोती फुटून भात त्याच्या अंगावर सांडत राहिलं, आणि ते भात आधी पिवळं होतं, मग नव्हतं.

पोलीस येऊन अपघात लिहून गेले. मला पुन्हा बैल लावून खळ्यात आणलं. आणि मग गावात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, सिद्धू प्यालेला होता. कुणी म्हणालं, दगड गोल होता. कुणी म्हणालं, तिसरी प्लेट अपशकुनी, परक्या गाडीची. देवीचा कोप झाला, वेळ वाईट होती, जयसिंगचं आयुष्यच तेवढं होतं. माझ्याजवळून जाणारा प्रत्येक जण नवं कारण सांगत होता, आणि कारण सांगताना प्रत्येकाची नजर देवघराच्या दिशेनं जाऊन लगेच परत येत होती.

सिद्धू पळून जाऊ शकला असता. त्याची माणसं मेंढरं घेऊन डोंगरापलीकडं निघालीच होती. पण जयसिंगच्या दहाव्याला तो डोकं भादरून, उघड्या पायांनी आला. हैबतरावांनी त्याला ओढ्यावरच धरला आणि ओढत खळ्यात आणून माझ्या पुढच्या बंपरला बांधला.

“माज्या भावाला मारलंस,” ते म्हणाले, आणि जॅकचा दांडा उचलला.

मित्रांनो, तो मार मी मोजला नाही. दर ठोक्याला मी हादरत होते, एवढं आठवतं. सिद्धूचा एक हात कोपरापासून भलतीकडं वळला. तोंडातून रक्त आलं ते माझ्या नंबराच्या पाटीवर उडालं. त्याची बायको चिमाबाई धावत येऊन हैबतरावांच्या पायांवर पडली, तर त्यांनी तिला लाथेनं दूर केलं. पंचवीस-तीस माणसं खळ्याच्या कडेनं उभी होती. हात बांधून. दहाव्याचे ओले पंचे नेसलेली.

“आबा, प्लेट…” सिद्धू म्हणाला. “प्लेट बघा. मी न्हाई…”

“प्लेट?” हैबतराव थांबले. त्यांच्या छातीचा भाता होत होता. “प्लेट माज्या भावानं निवडलेली. चांगली, मोठी, नवी. तिला काय झालेलं नसनार. कोंडाजी, काढ भाईर. दाव ह्या समद्यांना. प्लेट चांगली असंल, तर ह्याला मी हितंच पुरनार.”

कोंडाजी माझ्या पोटाखाली शिरला. पाना दोनदा हातातून निसटून त्याच्या छातीवर पडला. गिअरचं खोकं खाली आलं. त्यानं प्लेट बाहेर काढली आणि ती सगळ्यांपुढं धरली. कोळशासारखी काळी आणि काचेसारखी गुळगुळीत झाली होती. कडेनं चिकट, तपकिरी ओघळ सुकलेले होते. वास अजून होता.

“काय झालंय?” हैबतरावांनी विचारलं.

“जळलीया,” कोंडाजी म्हणाला.

“कशानं?”

सगळं खळं त्याच्या तोंडाकडं बघत होतं. “इंजनाचं त्याल झिरपलं असंल आबा. हुतंय कवा कवा.”

“म्हंजी ह्यानं त्याल जास्त भरलं.” दांडा पुन्हा वर गेला. “आईका. आईकलं न्हवं समद्यांनी? ह्यानंच…”

“व्हय आबा,” कडेचं कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी.

तुळजाबाई घराच्या पायरीवर उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

तिच्या बाजूनं सारजाबाई खाली उतरली. कपाळ मोकळं, हात मोकळे. अशा बाईनं त्या दिवसांत माणसांत येऊ नये, म्हणून एका म्हातारीनं तिचा पदर धरला. तो तिच्या डोक्यावरून घसरला, तिनं तो म्हातारीच्या हातातून ओढून घेतला आणि ती तशीच, उघड्या डोक्यानं, चालत आली. सिद्धूच्या अंगावरून नजर न फिरवता तिनं कोंडाजीच्या हातातली प्लेट घेतली. त्या ओघळावर बोट ओढलं. बोट नाकाशी नेलं. रोजच्या स्वयंपाकाचं तेल ओळखायला बाईला दिवा लागत नाही.

“ह्ये इंजनाचं न्हाई,” ती म्हणाली. “खुरासणीचं हाय.”

दांडा वरच राहिला होता. ती हैबतरावांच्या पुढं जाऊन थांबली, इतकी जवळ, की त्यांना तिच्याकडं मान वळवून बघावंच लागलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिचे डोळे पाहिलेले नव्हते.

“भावजी,” सारजाबाई म्हणाली, “त्याल तुमी वतलं. माज्या मालकाला सिद्धूनं न्हाई मारलं. तुमी मारलं.”